अकरा जणींची दुर्बीण

मागच्या खेपेला आपण हप्ते आणि बँकेच्या पासबुकाबद्दल बोललो होतो. आज बोलायचंय आमच्या गटाने घेतलेल्या दुर्बिणीबद्दल. हसू नका. आमच्या गावातही आधी सगळे हसलेच होते.

गोष्ट 2024च्या नोव्हेंबरातली. महिन्याची मीटिंग चालली होती. आमच्यातल्या एका काकूंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला, अकरा हजारांचा. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘शांती’. त्यांची रास कुंभ. दोन वर्षांत दुभती गाय गेली, काकांचा पाय मोडला, मुलाचं काम सुटलं. कुणीतरी सांगितलं की साडेसाती आहे, शनीची शांती केल्याशिवाय सुटका नाही. मीटिंगमध्ये दोन तट पडले. कुणी म्हणालं, गटाचा पैसा अशा कामाला द्यायचा नाही. कुणी म्हणालं, तिचं दुःख तिला ठाऊक, आपण कोण ठरवणार? आवाज चढले. तेवढ्यात कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेल्या आठवीतल्या पोरीने विचारलं, “ताई, शनी खरंच दिसतो का हो? कुठं असतो?”

सगळ्या गप्प. मी बी.ए.ला भूगोल घेतलेली. शनी मला पुस्तकातल्या चित्रातून माहीत, पण आभाळात बोट दाखवून ‘हा बघ’ म्हणायची माझी टाप नव्हती. ज्याच्यासाठी अकरा हजार काढायचे, तो दिसतो कसा हे आमच्यापैकी एकीलाही सांगता येईना.

त्या दिवशी अर्जाचा निर्णय पुढच्या मीटिंगवर ढकलला. आणि दुर्बीण घ्यायचं ठरलं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून टाकलं. अकरा जणींनी प्रत्येकी पाचशे काढले, साडेपाच हजार झाले. तेवढ्यात ऑनलाइन एक दुर्बीण आली. पुढची काच 70 मिलिमीटरची, लांबी 700 मिलिमीटर, तीन पायांचा स्टँड. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं, 525 पट.

पहिल्या रात्री काय झालं ते सांगते, म्हणजे तुमची रात्र वाया जायची नाही. आम्ही दुर्बीण घराच्या स्लॅबवर नेली आणि सगळ्यात जास्त पट दाखवणारं भिंग लावलं. एकेक जण डोळा लावतेय आणि म्हणतेय, “काळं दिसतंय.” दुसरी म्हणाली, “मला पण काळंच.” खाली चावडीपाशी पुरुषमंडळी खो खो हसत होती. कुणीतरी ओरडलं, “साडेपाच हजाराचा अंधार आणला!” तासाभराने त्या आठवीतल्या पोरीच्याच लक्षात आलं की पुढच्या काचेवरचं झाकण तसंच आहे. त्या झाकणाच्या मधोमध एक छोटं झाकण असतं. आम्ही तेवढंच काढलं होतं, मोठं तसंच राहिलं होतं. मोठं काढल्यावरही काही दिसेना, कारण 525 पट हा खोक्यावरचा बाजार आहे.

त्याचा हिशेब सोपा आहे. आपण डोळा लावतो त्या बारक्या भिंगाला आयपीस म्हणतात. त्याच्यावर आकडा असतो. दुर्बिणीच्या लांबीला त्या आकड्याने भागायचं. 700 भागिले 20 म्हणजे 35 पट. 700 भागिले 10 म्हणजे 70 पट. 4चा आयपीस लावला तर 175 पट, आणि सोबत दिलेली तिप्पट करणारी नळी मध्ये घातली की 525. म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा नाही, पण कामाचा नाही. एका पातेल्यात पाव लिटर दूध आहे. त्यात पाणी घालून तुम्ही पाच लिटर कराल, पण त्याला दूध कोण म्हणेल? तसंच आहे हे. पुढची काच जेवढा उजेड आत घेते तेवढाच उजेड आपल्या वाट्याला. पट वाढवली की तोच उजेड पसरून अंधूक होतो, आणि स्टँडची थरथरही तितकीच पट वाढते. काचेच्या मिलिमीटरची दुप्पट करा, त्याच्यापुढे जाऊ नका. 70ची काच असेल तर 140. आमचा रोजचा कारभार 35 आणि 70 पटीतच चालतो. 4चा आयपीस खोक्यात पडून आहे, आणि त्याचं काही वाईट वाटत नाही.

दुसरी गोष्ट स्टँडची. स्वस्त दुर्बिणीत पैसे वाचवलेले असतात ते तिथे. नुसता श्वास लागला तरी चंद्र उड्या मारतो. आम्ही स्टँडच्या मधोमध दगडांची पिशवी लोंबती बांधली आणि पाय अर्धेच उघडे ठेवले, म्हणजे स्टँड ठेंगणा राहतो. बघणारीने पाटावर बसायचं, हात मागे बांधायचे. हात मागे बांधायला लावणं हे सगळ्यात अवघड काम. आपल्या बायकांना वस्तू धरल्याशिवाय बघता येत नाही. आणि स्लॅब सोडून द्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ऊन ओकत असतो, त्याने चित्र पाण्यात पडल्यासारखं हलतं. शिवाय कुणी चाललं की सगळं हादरतं. आम्ही गावाबाहेरच्या खळ्यावर जातो. खाली माती, दिव्याचा खांब लांब.

आता खळ्यावर जायचं म्हणजे रात्री आठ वाजता घराबाहेर पडायचं. दोघींच्या घरून ‘नाही’ आलं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, “चांदण्या काय दिवसभर राबून झाल्यावर बघायच्या असतात?” आम्ही वाद घातला नाही. त्यांनाच घेऊन गेलो. सगळ्यांनी एकत्र जायचं, एकत्र यायचं, साडेनऊला घरी. सासूबाई आता न चुकता येतात आणि रांगेत पुढे उभ्या राहतात.

इथे मला एक बाई आठवते. कॅरोलिन हर्शेल तिचं नाव. 1750 साली जर्मनीतल्या हॅनोव्हरला जन्मली आणि पुढे इंग्लंडमध्ये भावाकडे राहिली. भावाला दुर्बिणींचा नाद. तो तासन् तास आरसे घासत बसायचा आणि ही त्याला घास भरवायची. रात्री तो बघायचा, ही थंडीत बसून लिहून घ्यायची. भावाने तिला एक लहान दुर्बीण करून दिली आणि 1 ऑगस्ट 1786च्या रात्री तिने स्वतःचा पहिला धूमकेतू शोधला. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या राजाने तिला या कामासाठी वर्षाला 50 पौंड पगार सुरू केला. भावाचं घर सांभाळता सांभाळता केलेलं काम, आणि त्याला पगार! आपल्या मीटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न त्या पगारावरच आले.

बरं, परत खळ्यावर येऊ. 8 डिसेंबर 2024, रविवार, मार्गशीर्षातली शुद्ध अष्टमी. त्या दिवशी आमचं नशीब असं, की शनी चंद्राच्या जवळच होता. हात लांब करून दोन बोटं धरली की चंद्रापासून पश्चिमेला तेवढ्या अंतरावर एक शांत, पिवळसर ठिपका. लुकलुकत नाही. तारे लुकलुकतात, ग्रह सहसा स्थिर दिसतात, ही ओळखायची खूण.

आधी चंद्र लावला. पौर्णिमेचा चंद्र बघायला जाऊ नका, तो दुर्बिणीत फिका आणि सपाट दिसतो. अष्टमीचा अर्धा चंद्र बघा. उजेड आणि अंधार जिथे मिळतात त्या रेघेवर लक्ष द्या. त्या रेघेवर चंद्रावरची सकाळ असते. आपल्याकडे सकाळी सकाळी ढेकळाचीही सावली लांब पडते ना, तसंच तिथे खड्ड्यांच्या कडांची सावली लांब पडते आणि खोली कळते. पौर्णिमेला तिथे भरदुपार, सावलीच नाही. दोन दिवसांनी दशमीला कोपर्निकस नावाचा खड्डा बघितला. तो 93 किलोमीटर रुंद. आपल्या बुलढाण्याचं लोणार सरोवर पावणेदोन-दोन किलोमीटरचं, तेही असाच वरून दगड आदळून झालेलं. म्हणजे साधारण पन्नास लोणार एका ओळीत मावतील. सासूबाई म्हणाल्या, “भाकरी तव्यावर फुगून फुटली की असंच दिसतं.”

बघताना चंद्र भिंगातून सरकून जातो, घाबरू नका. दुर्बीण हललेली नसते. आपली पृथ्वी फिरते म्हणून चंद्र दर दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतका पुढे जातो. हलक्या हाताने पुन्हा मागोमाग न्यायचं.

मग शनी. तो शोधायला दुर्बिणीच्या पाठीवर जो छोटा फाइंडर असतो तो आधी जुळवलेला हवा. हे काम दिवसा करायचं. आम्ही लांबच्या पाण्याच्या टाकीवर दुर्बीण रोखली आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याच्यातही तीच टाकी मधोमध आणली. हे एकदा केलं की रात्रीचं निम्मं काम झालं. आधी 20चा आयपीस, ठिपका मधोमध, मग 10चा.

काकूंना पहिला मान दिला. त्या बसल्या. बराच वेळ काही बोलेनात. इथे एक सांगते. पहिल्यांदा बघणारी बाई लाजेपायी ‘हो दिसलं’ म्हणते, दिसलेलं नसतं. काही जणी डोळा चुकीचा मिटतात, काही जणींची पापणी मध्ये येते. म्हणून ‘दिसलं का’ असं विचारायचं नाही, ‘कशासारखं दिसतंय’ असं विचारायचं. मी तसं विचारलं. काकू म्हणाल्या, “सुपारीत आरपार काडी घातलीय.”

बरोबर होतं. शनीच्या भोवती कडं आहे. ते बर्फाच्या लहानमोठ्या तुकड्यांचं, रुंदीला पावणेतीन लाख किलोमीटरहून जास्त, आणि जाडीला बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर. ते कधी आपल्याकडे तिरपं दिसतं तेव्हा ताटाच्या काठासारखं छान उघडं दिसतं. त्या हिवाळ्यात ते जवळजवळ आडवं झालं होतं, म्हणून काडी. 2025च्या मार्चमध्ये तर त्याची नुसती धारच आपल्याकडे होती. आता ते हळूहळू पुन्हा उघडत चाललंय. पूर्वी गॅलिलिओने 1610 साली शनी बघितला तेव्हा त्यालाही ते कडं कळलं नव्हतं. त्याला वाटलं शनीला दोन्हीकडे कान आहेत. त्याची दुर्बीण जेमतेम वीस पटीची होती. आपली त्याच्यापेक्षा सरस आहे, हे लक्षात ठेवा.

काकूंनी दुसऱ्यांदा रांग धरली. मग तिसऱ्यांदा. मग मला म्हणाल्या, “हा किती लांब आहे?” मी सांगितलं, तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला सव्वा ते दीड तास लागतो. आपण खळ्यावर यायच्या आधी तो निघालाय. त्या म्हणाल्या, “आणि हा साडेसात वर्षं कसा काय मोजतो?”

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर आभाळातच आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. आभाळातल्या बारा राशींमधून तो जातो. तीसला बाराने भागा, एका राशीत अडीच वर्षं. तुमची रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी. तीन गुणिले अडीच, साडेसात. शनी हळू चालतो. त्याचं जुनं नावच शनैश्चर, सावकाश चालणारा. साडेसातीचा आकडा आला तो त्याच्या चालीवरून. आणि हिशेब करा, कुठल्याही वेळी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच. म्हणजे आमच्या अकरा जणींत दोघी-तिघी असणारच. सगळ्यांनी आपापल्या राशी सांगितल्या. चौघी निघाल्या! एकीला तर त्याच काळात मुलगा झाला होता आणि नवऱ्याला कायमची नोकरी लागली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की तिला साडेसाती चालू आहे.

मी काकूंना ‘शांती करू नका’ असं म्हटलं नाही. दुर्बिणीतून साडेसाती दिसत नाही, तशी ती नाही असंही दिसत नाही. दिसतो तो एक गोळा आणि त्याचं कडं. पुढच्या मीटिंगला काकूंनी अर्ज परत मागून घेतला. जानेवारीत नवा दिला, दोन शेळ्यांसाठी. कारण मी विचारलं नाही. शनिवारी तेल वाहायला त्या अजून जातात. आणि कडं किती उघडलं तेही त्याच विचारतात.

शनीनंतर गुरू. गुरू शोधायला कष्ट नाहीत, त्या डिसेंबरात तो दिवेलागणीलाच पूर्वेला वर येत होता, रोहिणीजवळ. पोरीला गुरूबळ नाही म्हणून लग्न अडतं, तो हा गुरू. याला बारा राशी फिरायला साधारण बारा वर्षं, म्हणजे राशीला एक वर्ष. म्हणून तर तो सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो, 2015ला झाला, आता पुढचा 2027ला. दुर्बिणीत गुरूच्या अंगावर दोन पुसट पट्टे दिसतात आणि शेजारी एका ओळीत चार बारीक ठिपके. ते त्याचे चंद्र. रोज जागा बदलतात, एखादा मागे दडतो. आठवीतल्या पोरीने वहीत रोज गोल काढून ठिपके मांडले. गॅलिलिओने 1610च्या जानेवारीत हेच केलं होतं. त्याला पहिल्या रात्री तीनच दिसले होते. पोरीला चारही दिसले, हे तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं.

आपल्या आज्या शुक्राची चांदणी उगवली की जात्यावर बसायच्या. त्याच शुक्राची कला असते, चंद्रासारखी. 2025च्या फेब्रुवारीत संध्याकाळी पश्चिमेला तो इतका तेजस्वी होता की पोरं विमान म्हणत होती. दुर्बिणीत बघितलं तर छोटीशी कोर. मार्चच्या सुरुवातीला अगदी नखासारखी.

मृगाचंही थोडं सांगते. मृग लागला की आपण पेरणीला लागतो. पण जूनमध्ये मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो, आणि म्हणून तेव्हा ते तारे दिसतच नाहीत, दिवसा उगवतात. मृग बघायचा तो हिवाळ्यात. चार पाय, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे व्याध. बाणाच्या खाली लोंबल्यासारखी एक पुसट रेघ आहे, तिच्यावर 35 पटीने दुर्बीण लावा. राखेवर फुंकर मारल्यासारखा धुरकट डाग दिसेल, आत बारीक तारे. फोटोत असतात तसे रंग दिसणार नाहीत, आधीच सांगते. तिथे नवे तारे तयार होतायत. आपण बघतो तो उजेड तेराशेहून जास्त वर्षांपूर्वी निघालाय, ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्याही कितीतरी आधी. आणि कृत्तिकांचा पुंजका जरूर बघा. नुसत्या डोळ्यांनी सहा-सात, दुर्बिणीत डझनांनी.

आता काळजीचं. दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही. क्षणभरही नाही, फाइंडरमधूनही नाही. डोळा कायमचा जातो, आणि जाताना दुखतही नाही. काही खोक्यांत आयपीसला लावायची काळी काच येते, ‘सूर्यासाठी’ म्हणून. ती उन्हाने तडकते. आम्ही ती फोडून पुरून टाकली. दिवसा दुर्बीण कुलपात, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी.

काचेवर दव पडलं तर पदराने पुसू नका. पदराला धूळ, पिठाचा कण असतोच, त्याने ओरखडे पडतात. झाकण उघडं ठेवून घरात आपोआप सुकू द्या, मग बंद करा. चष्मा नुसता जवळचा किंवा लांबचा असेल तर काढून बघा, फिरकी फिरवली की स्पष्ट होतं. खळ्यावर गेल्यावर वीस मिनिटं मोबाइल बघायचा नाही, डोळ्यांना अंधार मुरावा लागतो. बॅटरीवर लाल कापड बांधायचं.

घ्यायची असेल तर खोक्यावरचे ‘पट’ बघू नका, पुढच्या काचेचे मिलिमीटर बघा. 60 चालेल, 70 बरी. स्टँड हलवून बघा. तेजस्वी वस्तूभोवती जांभळट कड दिसेल, स्वस्त काचेत ती असतेच, परत पाठवू नका. शक्य असेल तर आधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघून घ्या. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944पासून हे काम करतेय, आयुकाही लोकांसाठी आकाशदर्शनाचे कार्यक्रम करते. शाळेच्या कपाटातही पुष्कळदा एखादी दुर्बीण धूळ खात पडलेली असते, गुरुजींना विचारा.

आमच्या गटाची दुर्बीण आता महिन्यातून दोनदा निघते, शुद्ध सप्तमीला किंवा अष्टमीला चंद्रासाठी, आणि अमावस्येच्या आसपास ताऱ्यांसाठी. पावसाळ्याचे चार महिने ती काकूंच्या कपाटात असते, तांदळाच्या पोटलीसोबत, ओल लागू नये म्हणून. शेजारच्या गावच्या गटाने ती मागितलीय. द्यायची की त्यांनाच इकडे बोलवायचं, हे पुढच्या मीटिंगला ठरेल. तुम्ही येणार असाल तर अष्टमीला साडेसातपर्यंत पोचा. बसायला सतरंजी आणा, अंगावर शाल घ्या, आणि सासूबाईंना घरी ठेवू नका.